तंबाखू आणि ‘माझ्याच्याने होणार नाही’
(कामगार अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावरचे भाषण म्हटले की आपल्यापैकी काहींचा हात आपोआप खिशातल्या चुन्याच्या डबीकडे जातो, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगतो, तंबाखूने कर्करोग होतो हे पटवून देण्यासाठी आम्ही उभे नाही. ते पुडीवर चित्रासह छापलेले असते आणि पुडी फोडणारा ते पाहूनच फोडतो.

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या पाहणीत देशातील १५ वर्षे व त्यावरील लोकांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत असल्याचे आढळले. तंबाखू खाणाऱ्या-चघळणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ती सोडण्याचा विचार असल्याचे त्याच पाहणीत सांगितले. म्हणजे इच्छा आहे, भरवसा नाही. “आता काय सुटते? मसणातच सुटेल,” हे वाक्य प्रत्येक खात्यात ऐकू येते. विडी ओढणारा ते बोलतो, मळून खाणारा बोलतो आणि पहाटे चुलीपाशी मिश्री लावणारी भगिनीही बोलते.

हा नाउमेदपणा कोणाच्या रक्तात नसतो. रात्रपाळीत पहाटे तीनला डोळे मिटू लागतात, यंत्र थांबत नाही, कँटीन बंद असते. त्या वेळी जो बार भरला जातो तो चैनीचा नसतो. ज्याच्या पाळीची वेळ, जेवणाची वेळ, रजेचा दिवस दुसराच कोणी ठरवतो, त्याला स्वतःच्या तोंडावर तरी आपली सत्ता चालेल असे कसे वाटावे? व्यवस्थापनाने आरोग्य सप्ताहात ‘व्यसन सोडा’ असा फलक लावावा आणि जादा पाळी मात्र चालूच ठेवावी, याला आम्ही आरोग्यकार्य म्हणत नाही. परंतु पाळ्या सुधारल्या की मग सोडू, असे म्हणणारा कामगारही स्वतःलाच फसवतो. गालातला चट्टा करार होईपर्यंत थांबत नाही.

मग हा भरवसा येतो कोठून? अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली याची मांडणी केली. एखादे काम आपल्या हातून होईल असा विश्वास माणसाला सर्वांत पक्का येतो तो ते काम थोडेसे करून पाहिल्याने. त्या खालोखाल, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहिल्याने. दुसऱ्याने समजावल्याने येतो तो कच्चा. अंग शिणलेले, मन धास्तावलेले असेल तर असलेलाही डळमळतो. भाषण करणाऱ्याने हे सांगणे म्हणजे स्वतःच्याच धंद्यावर पाणी सोडणे आहे, पण खरे ते खरे.

संघटनेच्या माणसाला हे परके वाटू नये. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय होत्या? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार १५ तारखेच्या आत, अशा. गिरण्या ताब्यात द्या असे कोणी म्हटले नव्हते. रविवारची सुटी मिळायला १८९० साल उजाडले. मागितले तर मिळते, हे गिरणगाव असे एकेक मागणी पदरात पाडून शिकले.

तंबाखूचेही तसेच करावे. देवासमोर एकदम जन्माची शपथ घेऊ नका. आधी आठ दिवस, तलफ आली की घड्याळाकडे पाहून फक्त दहा मिनिटे थांबा. पाणी प्या, बडीशेप चघळा, खात्यात एक फेरी मारा. बहुतेक वेळा तलफेचा जोर काही मिनिटांत ओसरतो, हे स्वतःला दिसले पाहिजे. ते दिसल्यावर तारीख ठरवा आणि त्या दिवसापासून बंद. पहिले काही दिवस चिडचिड होईल, डोके दुखेल, झोप उडेल, कामात लक्ष लागणार नाही. निकोटिनची सवय झालेले शरीर ते तुटल्यावर असेच वागते, आणि काही आठवड्यांत निवळते. हे आधी कोणी सांगितलेले नसते म्हणून भला माणूस तिसऱ्या दिवशी “मीच दुबळा” असा निकाल देऊन पुन्हा पुडी फोडतो. दहा दिवसांनंतर एखादा बार भरला गेला तरी ते दहा दिवस कोणी परत घेत नाही. एक संप फसला म्हणून आपण युनियनचे दप्तर बंद करतो का?

विडी कामगारांचे काय, असा प्रश्न प्रत्येक शिबिरात येतो आणि तो रास्त आहे. त्या भगिनींना दुसरा रोजगार मिळवून देण्याची लढाई वेगळी लढावी लागेल; ती आपल्या फुफ्फुसांवर लढता येणार नाही. तंबाखूची भुकटी त्यांच्याही नाकातोंडात जातेच.

खाते-प्रतिनिधींना दोन कामे सांगतो. आपल्या खात्यात ज्याने तंबाखू सोडली आहे त्याला शोधा आणि बोलते करा. तो साहेब किंवा डॉक्टर नसून शेजारच्या मशीनवरचा आहे, म्हणून त्याचे ऐकले जाईल. सोडू पाहणाऱ्यांच्या दोघादोघांच्या जोड्या लावून द्या. १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे. तो क्रमांक सूचना फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि पुढच्या मागणीपत्रात रात्रपाळीसाठी पहाटे तीनचा चहा व पंधरा मिनिटांची सुटी हे कलम घाला. त्याचा मसुदा आज दुपारच्या बैठकीत करू.