टॅबवरचं अक्षर: जादा ठिपक्यांचे पैसे मोजावेत का?

 

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. हिशेबासाठी, कागद वाचण्यासाठी गटाला टॅब घ्यायचा आहे. दुकानात दोन टॅब समोर ठेवतात. दिसायला सारखेच, पण एक दोन-चार हजारांनी महाग. का महाग, असं विचारलं की उत्तर मिळतं, "याचं रिझोल्यूशन जास्त आहे, ताई. अक्षर स्वच्छ दिसतं." आता दहा जणींच्या गटात दरमहा शंभर रुपये बचत असेल, तर दोन हजार म्हणजे सगळ्यांची मिळून दोन महिन्यांची बचत. ती नुसत्या एका शब्दावर कशी घालवायची? म्हणून आज हा शब्दच सोडवून बघू. वही-पेन जवळ असेल तर घेऊन बसा, तीन-चार आकडे लिहून घ्यायचे आहेत.

रिझोल्यूशन समजायला आपल्याला कुणाच्या दारात जायला नको, आपल्याच दारातली ठिपक्यांची रांगोळी पुरे. टॅबची काच म्हणजे सारवलेलं अंगण. त्यावर रंगीत उजेडाचे बारीक ठिपके ओळीनं मांडलेले असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. तुम्ही वाचता ते प्रत्येक अक्षर या ठिपक्यांतूनच काढलेलं असतं. एवढ्याशा जागेत सात ठिपक्यांची रांगोळी काढली तर मोराची मान टोकदार निघते. त्याच जागेत एकवीस ठिपके बसवले तर मानेला गोलाई येते. अक्षराचंही तसंच. ठिपके दाट असले की वेलांटी नीट वळते, विरळ असले की पायऱ्या-पायऱ्या दिसतात.

इथं पहिली मेख आहे. खोक्यावर ठिपके किती ते लिहिलेलं असतं, पण अंगण केवढं हेही पाहायला हवं. समजा, दोन टॅबवर १२८० गुणिले ८०० असं लिहिलंय. एक टॅब ८ इंची, दुसरा १०.१ इंची. ठिपके तेवढेच, पण मोठ्या टॅबवर ते पसरलेत, म्हणून विरळ. आपल्याला हवा तो आकडा म्हणजे एका इंचात किती ठिपके. तो काढायला शिवणाची टेप न्या. काचेची उजेड पडणारी लांब बाजू इंचात मोजा आणि दोन आकड्यांतल्या मोठ्या आकड्याला तिनं भागा. ८ इंची टॅबची लांब बाजू साधारण पावणेसात इंच भरते. १२८० ला पावणेसातानं भागलं की इंचाला १८९ च्या आसपास ठिपके येतात. १०.१ इंची टॅबची लांब बाजू साधारण साडेआठ इंच, तिथं इंचाला १५० ठिपके. तोच १०.१ इंची टॅब १९२० गुणिले १२०० चा असेल तर इंचाला सुमारे २२४. टॅब ८ इंची का म्हणतात, तर ते माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं घेतलेलं असतं.

अजून एक गोष्ट. खोक्यावर 'फुल एचडी व्हिडिओ चालतो' असं लिहिलेलं असलं, तरी काच फुल एचडी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. त्या टॅबमध्ये तसा व्हिडिओ चालतो, एवढंच. काचेचे दोन आकडे वेगळे विचारायचे.

आता हे आकडे चांगले की वाईट? २०१० साली पहिला आयपॅड आला, त्यात इंचाला १३२ ठिपके होते. २०११ साली आपल्या देशात विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब आला, सात इंचांचा, त्यातही इंचाला साधारण १३३. त्यावर लोक वाचत होतेच. मग २०१२ साली आयपॅडचे ठिपके उभे-आडवे दुप्पट झाले, इंचाला २६४. ज्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, त्यांना अक्षरातला फरक लगेच दिसला. म्हणजे फरक पडतो, हे खरं. पण कुठवर?

ते आपल्या डोळ्यावर आहे. निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायची एक हद्द असते. काच डोळ्यापासून एक फुटावर धरली तर इंचाला साधारण २८५ ठिपक्यांच्या पुढं ठिपका वेगळा ओळखू येत नाही. दीड फुटावर धरली तर ही हद्द १९० वर येते. शेतातलं मक्याचं कणीस बांधावरून दिसतं, पण दाणे मोजायला जवळ जावं लागतं, तसंच हे. मोबाईल आपण तोंडाजवळ धरतो, म्हणून त्याला दाट ठिपके लागतात. टॅब मांडीवर किंवा पाटावर ठेवून वाचतो, म्हणजे सव्वा ते दीड फूट अंतर. म्हणून टॅबला इंचाला २०० ते २३० ठिपके असले की वाचनाला भरपूर झाले. त्याहून जास्त ठिपक्यांचे पैसे मोजले, तरी डोळ्याला ते कळायचे नाहीत.

आपल्या लिपीचंही पाहिलं पाहिजे. इंग्रजी अक्षर बहुतेक एका रेघेत बसतं. आपल्या अक्षराला वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि पोटात जोडाक्षर. ओळीची उंची तेवढीच ठेवली तर मधल्या मूळ अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते. शिवाय 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ष' आणि 'प' यांच्यात फरक एवढ्याशा गाठीचा नाहीतर रेघेचा. विरळ ठिपक्यांत ती गाठ पुसली की 'हप्ता भरणे' हे 'हप्ता मरणे' दिसायला लागतं. हसू येतं खरं, पण आकड्यांच्या बाबतीत हसण्यावारी नेता येत नाही. १ आणि ९ यांची गल्लत होते. १.५ मधला बिंदू दिसला नाही की दीड टक्क्याचे पंधरा टक्के होतात. 'दरमहा' आणि 'दरसाल' हा शब्द तर बोट ठेवून वाचायचा. दरमहा २ टक्के म्हणजे वर्षाचे २४ टक्के. बारीक अक्षरातला असा एक शब्द कुटुंबाचं वर्षभराचं गणित बदलतो.

मग महाग टॅबच घ्यावा का? थांबा, अजून दुसरी बाजू आहे. अक्षर मोठं केलं की त्याच्या वाट्याला आपोआप जास्त ठिपके येतात. इंचाला १५० ठिपक्यांच्या टॅबवर अक्षर दुप्पट मोठं करा, त्या अक्षराला ३०० वाल्या टॅबवरच्या लहान अक्षराएवढेच ठिपके मिळतात. टॅबच्या सेटिंगमध्ये 'डिस्प्ले' या भागात अक्षराचा आकार वाढवायची सोय असते. त्याला एक पैसा पडत नाही. एका वेळी ओळी कमी दिसतात आणि बोटानं पान जास्त सरकवावं लागतं, एवढाच त्याचा तोटा. निरोप, बातम्या, गोष्टी, पाककृती वाचायला स्वस्त टॅब आणि मोठं अक्षर ही जोडी पुरेशी आहे.

अडचण येते ती कागदाच्या फोटोची. बँकेचा करार, ठरावाची प्रत, जुना फेरफार, असे कागद पुष्कळदा स्कॅन करून पाठवतात. म्हणजे ते चित्र असतं, त्यातलं अक्षर सेटिंगमधून वाढत नाही. दोन बोटांनी ताणून अख्खं पान मोठं करावं लागतं आणि मग प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकवत बसावं लागतं. त्यात ओळ चुकते, आणि कंटाळून आपण "वाचलं बाई" म्हणतो.

ए-फोर कागद सव्वाआठ इंच रुंद असतो. ८ इंची टॅब उभा धरला तर त्याची रुंदी सव्वाचार इंच. म्हणजे कागद निम्म्यानं आक्रसला, अक्षर मुंगीएवढं. तोच टॅब आडवा धरला तर पावणेसात इंच मिळतात. १०.१ इंची टॅब आडवा धरला तर साडेआठ इंच, म्हणजे कागद जवळपास आहे त्याच मापाचा. म्हणून आमचं सांगणं असं की, ज्या गटाला कागद वाचायचे आहेत, त्यांनी ठिपक्यांच्या आधी मोठी काच बघावी. मोठ्या काचेत दाट ठिपके परवडत असतील, तर तो खर्च मात्र सत्कारणी लागतो, कारण स्कॅन केलेल्या पानात ठिपक्यांचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.

पण मूळ स्कॅनच अंधुक असेल तर? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! झेरॉक्सच्या झेरॉक्सचा, हलत्या हातानं काढलेला फोटो कुठल्याच टॅबवर स्वच्छ व्हायचा नाही. पान खूप ताणून बघा. अक्षराची कड शेवटपर्यंत गुळगुळीत राहिली तर ते खरं अक्षर आहे. कड भुरकट झाली तर ते चित्र आहे. अशा वेळी पाठवणाऱ्याला सांगा, "स्वच्छ प्रत पाठवा, नाहीतर कागद हातात द्या." हे मागण्यात लाज कसली?

आता सगळ्यात महत्त्वाचं. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं नीट दिसेनासं होतं. हे सगळ्यांनाच होतं. त्यावर उपाय चष्मा, जास्त ठिपके नव्हे. याची परीक्षा सोपी आहे. सकाळच्या उजेडात, सावलीत बसून छापील वर्तमानपत्र नेहमीच्या अंतरावर धरा. छापील अक्षर टॅबपेक्षा कितीतरी बारीक ठिपक्यांचं असतं. तेही पुसट दिसत असेल, हात लांब करावा लागत असेल, तर दोष टॅबचा नाही. तेव्हा आधी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घ्या. शेजारणीचा चष्मा लावून बघून नंबर ठरवू नका, दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असू शकतात. मोतीबिंदू असेल, साखरेचा त्रास असेल, तर तेही तपासणीतच कळतं.

उजेडाचंही बघा. भर उन्हात अंगणात बसलं तर महागातला टॅबही आरसा होतो, आपलंच तोंड दिसतं. सावलीत बसा, आणि दार-खिडकी पाठीमागं येऊ देऊ नका, नाहीतर तिची चकाकी काचेवर पडते. काच पुसून घ्या, पिठाच्या बोटांचे डाग असले तर काय दिसणार? आणि काचेकडं बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यानं डोळे कोरडे पडतात. चार-पाच पानांनी नजर वर करून लांबच्या झाडाकडं बघा.

बॅटरीचाही हिशेब मांडा. १२८० गुणिले ८०० म्हणजे सुमारे सव्वादहा लाख ठिपके. १९२० गुणिले १२०० म्हणजे तेवीस लाखांच्या वर. दुपटीहून जास्त ठिपके चालवायला टॅबला कामही जास्त पडतं. आपल्याकडं वीज कधी जाते आणि कधी येते हे आपल्या हातात नाही. म्हणून ठिपके दाट असतील तर बॅटरीही तशी दणकट आहे का, हे विचारा.

दुकानात जाताना एकटीनं जाऊ नका, तिघी जा. त्यात एक चष्मेवाली असू द्या. गटाला आलेला एखादा खरा कागद मोबाईलमध्ये घेऊन जा आणि दोन्ही टॅबवर तोच उघडायला सांगा. दुकानदार झगमगीत गाण्याचा व्हिडिओ दाखवील, त्यावर जाऊ नका, तिथं अक्षर वाचायचं नसतं. टॅब आडवा धरा, दीड फुटावर ठेवा आणि चष्मेवालीला व्याजाची ओळ मोठ्यानं वाचू द्या. दोन्ही टॅबवर ती सारखीच अडखळत नसेल, तर स्वस्त घ्या आणि उरलेल्या पैशात मजबूत कव्हर घ्या. महागावर सरळ वाचलं आणि स्वस्तावर अडली, तर बैठकीत दोन्ही बाजू मांडून ठराव करा आणि महाग घ्या.

हे सगळं आम्ही एवढ्या तपशिलात का सांगतोय? कारण "मला बारीक दिसत नाही गं, तूच बघ, सही कुठं करू ते सांग" हे वाक्य आपण प्रत्येकीनं ऐकलंय. वाचता येणारी बाई अक्षर दिसत नाही म्हणून निरक्षरासारखी सही करते, आणि कर्जाचा बोजा तिच्या नावावर चढतो. घरातला मुलगा, गटाची सचिव, बँकेतले साहेब कितीही चांगले असोत, सही आपली तर वाचन आपलं. त्यासाठी कुणाला चष्मा लागेल, कुणाला मोठी काच, कुणाला नुसतं सेटिंग बदलून मिळेल. जिला जे लागतं ते मिळवून देणं हेही गटाचंच काम आहे.

तर पुन्हा एकदा लिहून घ्या. आधी डोळे तपासा. मग काच मोठी बघा, कागद वाचायचे असतील तर दहा इंची. मग इंचाला किती ठिपके ते काढा: १५० वर अक्षर मोठं करून भागतं, २०० ते २३० वर छान भागतं, त्यापुढं टॅबसाठी जादा पैसे नकोत. आणि स्कॅन अंधुक असेल तर नवी प्रत मागा.

पुढच्या बैठकीला टेप घेऊन या, गटात ज्यांच्याकडं टॅब असेल त्यांचा मोजा, आणि काय आकडा आला ते आम्हाला कळवा. येतो आम्ही. नमस्कार.