मेलेली कोंबडी खाद्य खाऊन मरते
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि आल्या पावली देणेकऱ्याकडे जातात. घरात रोज चार पैसे यावेत म्हणून गावोगाव गटांनी सामाईक कोंबडीपालन सुरू केले. काही टिकले, काही बंद पडले. बंद पडलेल्या शेडचा हिशेब मांडा, दोन भोके दिसतील : खाद्य आणि मर. आमचे म्हणणे एवढेच, की ही दोन्ही भोके एकाच पिशवीची आहेत.

खर्चाच्या शंभर रुपयांतले साठ-सत्तर रुपये खाद्याला जातात. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते. दोनशे पक्षी म्हणजे रोज २२ किलो, महिन्याला साडेसहा क्विंटल. अंड्यावर येईपर्यंतच्या २० आठवड्यांत एक तलंग सात-आठ किलो खाऊन बसते. त्या वेळी मानमोडीने पन्नास तलंगा गेल्या, तर चार क्विंटलच्या आसपास खाद्य त्यांच्याबरोबर मातीत गेले. म्हणून लस हेच सर्वांत स्वस्त खाद्य.

मानमोडीवर औषध नाही, लसच आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, दुसऱ्यात गंबोरो, चौथ्यात पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांना देवीची लस, आठ ते दहा आठवड्यांना मानमोडीचे इंजेक्शन. तारखा आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्क्या करून घ्या. लस बर्फात आणा, सकाळच्या गारव्यात द्या, फोडलेली बाटली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. एका बाटलीत शेकडो मात्रा असतात. दहा कोंबड्यांचा धनी ती फोडत नाही. गट फोडू शकतो. त्याच दिवशी गावातल्या परसातल्या कोंबड्यांनाही द्या. शेजारच्या खुराड्यातला रोग शेडचे दार विचारत नाही.

बाकीचे नियम बिनपैशाचे आहेत. खालचा भुसा कोरडा ठेवा, वरचेवर हलवा. ओल्या भुशात रक्ती हगवण पोसते. दाराशी चुना टाका. बाजारातून आणलेली कोंबडी थेट आत सोडू नका. मेलेला पक्षी उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरा. एकदम मर लागली तर लपवू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू आढळला. आजारी पक्षी स्वस्तात बाजारात काढणारा शेजारच्या गावाला बुडवतो.

आता खाद्य. मक्याच्या जागी आपली पांढरी खरीप ज्वारी चालते. निम्म्यापासून सुरुवात करा. ज्वारीने बलक फिका पडतो, म्हणून थोडा लसूणघास किंवा शेवग्याचा पाला द्या. कवचासाठी शिंपल्याचा चुरा हवाच. पण पावसात काळी पडलेली, बुरशीची ज्वारी कोंबडीला घालू नका; त्या विषाने अंडी घटतात, लस दिलेला पक्षीही रोगाला बळी पडतो. आणि घरात सरकीची पेंड आहे म्हणून ती घालू नका. म्हशीला ती चालते. कोंबडीची वाढ खुंटते, ठेवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. प्रथिनांसाठी सोयापेंडच घ्या, गटाने एकत्र घ्या. खाद्याचे भांडे अर्धेच भरा आणि कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगा, सांडणे थांबते.

शेवटी एक गोष्ट. ऑगस्ट २०२१ मध्ये कोंबडीखाद्य महागले म्हणून केंद्र सरकारने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. पुढे सोयाबीनचे भाव कोसळले. आपण कोंबड्या पाळतो म्हणून आपल्याच दाण्याचा भाव पाडा, अशी मागणी आपण कधीही करणार नाही. खाद्याचा खर्च मर थांबवून, सांडणे थांबवून आणि आपली ज्वारी आपल्याच शेडमध्ये रास्त भावाने घेऊन कमी करायचा आहे. सरकारकडे मागायचेच असेल तर एक मागू : लस गावापर्यंत थंड आणि वेळेवर पोचवा.

घरी गेल्यावर पहिले काम करा. शेडच्या दारावर लसीच्या तारखा आणि रोजच्या खाद्याचे वजन लिहायला एक पाटी टांगा. गटातल्या प्रत्येकाला, प्रत्येकीला ती वाचता आली पाहिजे.