मुक्तीचे काम केव्हा पुरे होते?



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. ही माणसे महाराष्ट्राला वंदनीय वाटली ते योग्यच होते. परंतु ती एकमताची नव्हती. गुलामगिरी गेली पाहिजे यावर त्यांचे मतैक्य होते. ती कोणत्या मार्गाने जावी आणि गेली असे केव्हा म्हणावे, यावर मात्र तीव्र मतभेद होते.

विल्यम लॉइड गॅरिसन यांनी १ जानेवारी १८३१ रोजी बॉस्टन येथे ‘लिबरेटर’ हे पत्र सुरू केले. गुलामगिरी हे पाप आहे आणि पाप हप्त्याहप्त्याने सोडायचे नसते, अशी त्यांची भूमिका होती. मुक्ती तत्काळ हवी, मालकांना भरपाई नको आणि साधन एकच, सदसद्विवेकबुद्धीला आवाहन. राज्यघटनेत पाच गुलाम तीन माणसांबरोबर मोजून मालकांच्या राज्यांना प्रतिनिधित्व दिले होते. अशा घटनेखाली मतदान करणे त्यांना पापात भागीदारी वाटे. ४ जुलै १८५४ रोजी त्यांनी घटनेची प्रत जाहीरपणे जाळली.

हा सोवळेपणा सर्वांना मानवला नाही. राजकारण आणि स्त्रियांचे संघटनेतील स्थान या प्रश्नांवर १८४० साली चळवळ दुभंगली. लिबर्टी पक्षातर्फे जेम्स बर्नी अध्यक्षपदासाठी उभे राहिले. त्यांना सुमारे सात हजार मते पडली. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून १८३८ मध्ये निसटलेले आणि प्रारंभी गॅरिसन यांचे सहकारी. १८५१ साली तेही वेगळे झाले. घटनेत ‘गुलाम’ हा शब्दच नाही, मग ते हत्यार मालकांच्या हाती का सोडावे, हा त्यांचा युक्तिवाद होता. उत्तरेने दक्षिणेशी संबंध तोडले तर उत्तरेचे हात स्वच्छ राहतील. गुलाम मात्र तेथेच राहील! जॉन ब्राउन यांनी १८५९ साली शस्त्र उचलले. तो बेत आत्मघातकी आहे हे ओळखून डग्लस त्यात गेले नाहीत, तरी ब्राउन यांच्याविषयीचा आदर त्यांनी कधी लपवला नाही.

या वादाच्या मुळाशी अर्थकारण होते. १८६० साली सुमारे चाळीस लक्ष माणसे कायद्याने दुसऱ्यांची मालमत्ता होती. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. वॉशिंग्टन शहरातही १८६२ साली दर गुलामामागे तीनशे डॉलरपर्यंत रक्कम मालकांनाच मिळाली. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची मजुरी बुडाली, त्यांच्या थकबाकीचा हिशेब कोणीच मांडला नाही.

खरी कसोटी लागली ती विजयाच्या क्षणी. मे १८६५ मध्ये गॅरिसन यांनी गुलामगिरीविरोधी संस्था विसर्जित करण्याचा ठराव मांडला. वेंडेल फिलिप्स आणि डग्लस यांनी विरोध केला. कृष्णवर्णीयांना मताधिकार नसेल तर मुक्ती अपुरी आहे, असे डग्लस यांचे म्हणणे होते. ठराव फेटाळला गेला आणि अध्यक्षपद फिलिप्स यांच्याकडे आले. कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० साली झाली आणि संस्था मिटली.

जमिनीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. जनरल शर्मन यांनी जानेवारी १८६५ मध्ये मुक्त कुटुंबांसाठी चाळीस एकरांपर्यंतचे तुकडे राखून ठेवले होते. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी त्या जमिनी जुन्या मालकांना परत करण्याचा मार्ग खुला केला. कालचा गुलाम मालकाच्या शेतात वाट्याने राबू लागला आणि दुकानदाराच्या कर्जात अडकला. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हाती, त्याचे मत हिरावणे कठीण नसते. १८९० च्या मिसिसिपी घटनेपासून दक्षिणेतील एकेका राज्याने तेही हिरावले. ते खऱ्या अर्थाने परत मिळायला १९६५ चा कायदा यावा लागला.

गॅरिसन यांनी विवेक जागवला नसता तर हा प्रश्न राष्ट्रापुढे आलाच नसता; हे ऋण डग्लसही मान्य करीत. परंतु बेडी तुटणे हा मुक्तीचा आरंभ आहे. मत आणि जमीन या दोहोंवाचून ती पुरी होत नाही.