दाखलदफ्तर न झालेली मिसल : स्वागताध्यक्षीय भाषण



या विज्ञानसंमेलनाच्या स्वागतसमितीने अध्यक्षपद माझ्यासारख्या वकिली पेशातल्या माणसाच्या गळ्यात घातले, त्या वेळी समितीच्या मनात माझ्या शास्त्रीय व्यासंगापेक्षा मंडपाची परवानगी, वर्गणीचा हिशेब आणि निरनिराळ्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजविण्याची माझी जुनी सवय यांचाच विचार अधिक असावा, हे ओळखून मी तो मान स्वीकारला. अधिकार नसला तरी जिज्ञासा आहे, आणि स्वागताध्यक्षाला तेवढी पुरते, अशा समजुतीने मी नागपूरकरांच्या वतीने आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

विदर्भात भरणाऱ्या संमेलनात दमयंती आणि रुक्मिणी यांच्या स्मरणाने प्रारंभ करण्याची वहिवाट आहे. परंतु यंदाच्या संमेलनाचा विषय ‘मानव आजही उत्क्रांत होत आहे काय?’ असा असल्यामुळे या भूमीच्या त्याहून पुरातन रहिवाशांची ओळख करून देणे मला उचित वाटते. येथून जवळच असलेल्या कामठीच्या नावाने भूशास्त्रज्ञ जे खडक ओळखतात, त्यांत सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या ग्लोसॉप्टेरिस वनस्पतीच्या पानांचे ठसे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याच्या शिवारात महाकाय डायनोसॉरांची हाडे सापडली आहेत. आणि जुनापाणीच्या माळावर लोहयुगातील माणसांनी आपल्या मृतांभोवती रचलेली शिळावर्तुळे आजही उभी आहेत. या अवशेषांकडे प्रथम शास्त्रीय दृष्टीने पाहणाऱ्यांपैकी स्टीफन हिस्लॉप हे धर्मोपदेशक १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतत असता पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन तेव्हा अवघी चार वर्षे लोटली होती. ज्या नगरीच्या आसमंतात वनस्पती, प्राणी आणि मनुष्य या तिघांचेही दफ्तर असे जमिनीत जपून ठेवलेले आहे, तेथे या प्रश्नाची चर्चा व्हावी यात औचित्य आहे.

सुशिक्षितांचा सर्वसाधारण समज असा आहे, की ही मिसल केव्हाच दाखलदफ्तर झाली. मनुष्याने वस्त्र विणले तेव्हा थंडीचा, अग्नी हस्तगत केला तेव्हा श्वापदांचा आणि लस शोधली तेव्हा देवीचा अंमल त्याच्यावरून उठला. मग नैसर्गिक निवडीला निवडण्यासाठी उरले काय, असा प्रश्न ते करतात. वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. गाईम्हशी पाळण्याचा व्यवसाय सुरू होऊन काही हजार वर्षेच झाली आहेत. तेवढ्या अवधीत प्रौढपणीही दूध पचविण्याची शक्ती देणारा जनुकभेद पशुपालक समाजांत पसरला, आणि युरोपात जो भेद आढळतो तोच आपल्या उत्तर व वायव्य भारतातील लोकांतही आढळतो. तिबेटच्या पठारावरील विरळ हवेत राहणाऱ्यांच्या रक्ताला जे वैशिष्ट्य रक्त फाजील घट्ट होऊ न देता तेथे जगू देते, त्याच्याशी निगडित जनुक २०१० मध्ये ओळखला गेला, आणि तो डेनिसोव्हन या लुप्त मानवशाखेकडून आलेला आहे, असे २०१४ मध्ये दाखविण्यात आले. या दाखल्यांत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दूध पचविणाऱ्यांना निवडले ते रानाने नव्हे. ज्या गोठ्याने निवडले तो मनुष्यानेच बांधलेला होता.

परंतु तिबेटपर्यंत जाण्याचे कारणच नाही. कारण या प्रश्नातील सर्वांत बोलका साक्षीदार येथल्याच रुग्णालयांच्या ओसरीवर बसलेला आहे. सिकलसेल हा व्याधी पूर्व विदर्भातील आणि सातपुड्याच्या अंगाखांद्यावरील अनेक समाजांना, विशेषतः गोंड, माडिया, भिल्ल, पावरा अशा आदिवासी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या छळीत आला आहे. हिमोग्लोबिनच्या एका शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते, आणि एवढ्याशा फेरबदलाने, प्राणवायू कमी पडताच, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि सांध्यासांध्यांतून असह्य कळा उठवते. हा जनुक आई व बाप या दोघांकडूनही आलेला असेल तर बालक रुग्ण होते. एकाकडूनच आलेला असेल तर ते केवळ वाहक राहते आणि बहुधा निरामय आयुष्य जगते. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत लेहमन आणि कटबुश यांनी नोंदविला, आणि पुढे मध्य भारतात तो किती खोल मुरलेला आहे ते उमगत गेले.

इतका घातक जनुक हजारो वर्षे टिकला कसा, या कोड्याचा उलगडा करण्याची दिशा जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलॅसेमियाच्या संदर्भात सुचविली होती. याच हाल्डेन यांनी १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात वास्तव्य केले आणि भुवनेश्वरला १९६४ मध्ये देह ठेवला. म्हणून त्यांना परके म्हणवत नाही. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून दाखवून दिले, की सिकलसेलच्या वाहकाला हिवतापाच्या प्राणघातक प्रकारापासून संरक्षण मिळते. दोन जनुकांचा रुग्ण दगावतो, एकही नसलेला तापाने दगावतो आणि मधला वाहक तगतो. या तिहेरी हिशेबात जनुक शिल्लक राहतो. फ्रँक लिव्हिंगस्टन यांनी १९५८ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. पश्चिम आफ्रिकेत शेतीसाठी अरण्ये तोडली गेली, उघड्यावर डबकी साचली, डासांची पैदास वाढली, आणि म्हणून तेथे हा जनुक फोफावला, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे या रक्तदोषाच्या इतिहासात कुदळफावड्याचाही हात आहे.

आता या हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. १९५३ पासून देशाने हिवतापाविरुद्ध मोहीम उघडली, आणि गडचिरोलीसारख्या मुलुखात तो अजून ठाण मांडून असला तरी पुष्कळ प्रदेशांतून त्याची पकड सैल झाली. ताप गेला की वाहकाचा लाभ गेला. मागे उरली ती रुग्णाची निव्वळ यातना. आता हा जनुक आपोआप नष्ट होईल, असे कोणी म्हणेल, तर गणित त्याला जुमानत नाही. एखाद्या वस्तीत या स्थानीच्या दर १०० जनुकांपैकी १० सिकलसेलचे आहेत, आणि एकाही रुग्णाला संतती होत नाही असे कठोर गृहीत धरले, तरी ते प्रमाण निम्म्यावर येण्यास १० पिढ्या लागतात. म्हणजे साधारणतः भोसल्यांच्या अमदानीपासून आजपर्यंतचा काळ. याचे कारण उघड आहे : बहुतेक जनुक वाहकांच्या ठायी सुखरूप असतात, तेथे निवडीचा हात पोचत नाही.

मनुष्याची करुणा हा काळ आणखी लांबविते. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील शहडोल येथे ज्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला, तिने २०४७ पर्यंत या व्याधीच्या निर्मूलनाचे ध्येय ठेवले आहे. तपासणी, समुपदेशन आणि उपचार ही तिची साधने होत. दोन वाहकांचा विवाह टळला तर चारांत एक या प्रमाणात संभवणारे रुग्ण जन्मास येत नाहीत, ही मोठीच दुःखमुक्ती आहे. परंतु त्यामुळे जनुकांची गळतीही थांबते आणि ते वाहकांमधून निर्धास्त पुढे जातात. हायड्रॉक्सियुरियाने रुग्ण संसार करण्याइतका सुदृढ होतो आणि आपला जनुक अपत्यांना देतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने मान्यता दिलेल्या जनुकसंपादनाच्या उपचाराने मज्जेतील पेशी सुधारतात, बीजपेशी नव्हे. म्हणून पूर्ण बरा झालेला मनुष्यही तो वारसा पुढे सोपवितोच. तेव्हा औषधोपचाराने उत्क्रांती थांबत नाही. तिची दिशा आणि गती मात्र बदलते, आणि आपले दवाखाने, आपल्या विवाहविषयक रूढी व आपली धरणे-कालवे हेच आता तिचे कारभारी झाले आहेत.

हीच गोष्ट व्यापक लोकसंख्येलाही लागू आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी आपल्या देशात हजार अर्भकांपैकी दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये देशाचा तो आकडा २८ आणि महाराष्ट्राचा १६ होता. बालमृत्यूच्या द्वारे होणारी निवड अशी क्षीण झाली, पण कोणाला किती मुले होतात आणि कोणत्या वयात होतात, हा भेद उरलाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १.७ एवढे आढळले. शिवाय प्रत्येक बालक आईबापांत नसलेली सुमारे ६०-७० नवी उत्परिवर्तने घेऊन जन्मते, आणि बापाचे वय जितके अधिक तितकी त्यांची संख्या वाढते. उशिरा लग्न करण्याचा आपला नवा शिरस्ताही अशा रीतीने पुढील पिढ्यांच्या दफ्तरी नोंदला जात आहे.

वकील या नात्याने एका गोष्टीचा मात्र मी निक्षून इन्कार करू इच्छितो. उत्क्रांती चालू आहे, यावरून ती आपल्याला उन्नतीकडे नेत आहे असे कोणी समजू नये, आणि तिच्या नावाने कोणाला पात्र वा अपात्र ठरविण्याचा अधिकार आपल्याला पोचतो असे तर मुळीच समजू नये. अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ मध्ये ‘अयोग्य’ ठरविलेल्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला, आणि १९३३ मध्ये जर्मनीने तोच मार्ग कोणत्या थरापर्यंत नेला, हे जगाला ठाऊक आहे. जो जनुक हिवतापाच्या मुलुखात जीवदान देतो आणि ताप ओसरताच शाप ठरतो, त्याला चांगला किंवा वाईट म्हणणारे आपण कोण? परिस्थिती बदलली की फैसला बदलतो. म्हणून तपासणीनंतर हाती येणारे कार्ड हे मुलीचे लग्न मोडण्याचे किंवा एखाद्या समाजाला हिणविण्याचे साधन होता कामा नये. वाहक हा रुग्ण नव्हे आणि गुन्हेगार तर नव्हेच. त्याचे पूर्वज एका भयंकर साथीतून तगले, एवढीच त्याच्या रक्ताची साक्ष आहे.

येत्या दोन दिवसांत मानववंशशास्त्र, वैद्यक आणि आनुवंशिकी यांतील तज्ज्ञ या विषयाचा ऊहापोह करतील. त्यांना माझी एकच विनंती आहे : हे ज्ञान मराठीत, आणि शक्य तेथे गोंडी, माडिया व पावरी या बोलींतही, ज्यांच्या रक्ताच्या नमुन्यांवर ते उभे आहे त्यांच्या ओसरीपर्यंत पोचविण्याचा ठराव या संमेलनाने करावा आणि तो अमलात येतो की नाही यावर लक्ष ठेवण्यासाठी एक छोटी समितीही नेमावी. संशोधनासाठी रक्त द्यावे त्यांनी आणि निष्कर्ष वाचावे आपण, ही वाटणी न्याय्य नाही.

निवास-भोजनाच्या व्यवस्थेत आपणास काही उणीव भासेल, ती वऱ्हाडी-नागपुरी आतिथ्याच्या मोकळेपणाने पोटात घालावी. अध्यक्षमहोदयांना आसनस्थ होऊन संमेलनाचे कामकाज सुरू करण्याची विनंती करतो आणि माझे स्वागताचे काम येथे पुरे करतो.