घास अडतो की घोट?

श्रोतेहो, मराठीत आपण काय काय गिळतो पाहा. राग गिळतो, अपमान गिळतो, रडू दाटून आले की आवंढा गिळतो. घरात कोणी गेले की घास घशाखाली उतरत नाही. मी कविता लिहिणारा माणूस, या शब्दप्रयोगांवर माझे प्रेम आहे. पण दवाखान्यात ते अपुरे पडतात. ‘घास उतरत नाही’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसे कळत नाही. काय अडते, कधीपासून आणि कुठे, हे नीट सांगितले की निदानाची दिशा तिथेच ठरते.

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास तिच्यातून नुसता खाली पडत नाही. आकुंचनाची एक लाट त्याला ढकलत नेते आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप त्याच्यासाठी सैल होते. तेव्हा बिघाड मुख्यतः दोन प्रकारचा: एक तर वाट अरुंद होते, नाहीतर लाट आणि झडप आपले काम करीत नाहीत.

घाटकोपरला आमच्या चाळीत एक काका होते. त्यांना भाकरी अडू लागली, म्हणून घरात मऊ चपाती होऊ लागली. तीही अडली तेव्हा चहात बुडवलेला पाव आला, मग खिमट, मग पेज. घरचे प्रेमाने अन्न मऊ करीत गेले आणि दर वेळी तक्रार थोडे दिवस थांबली. वयाचे आणि दातांचे कारण होतेच. सदरा अंगावर लोंबू लागला तेव्हा केसपेपर काढला. तरुण डॉक्टरबाईंनी विचारले, ‘‘काका, पाणी जातं का?’’ ते म्हणाले, ‘‘पाणी जातं, भाकरी अडते.’’ बाईंनी लगेच दुर्बिणीची तपासणी लिहून दिली. अन्ननलिकेत गाठ निघाली. उपचार झाले, पण ती फार वाढलेली होती.

आधी घट्ट, मग मऊ, शेवटी पातळ, या क्रमाने अडू लागले तर वाट अरुंद होत आहे असे समजावे. तंबाखू आणि दारू यांनी कर्करोगाचा धोका वाढतो. वर्षानुवर्षे आम्ल वर येऊन नळी आक्रसली तरी क्रम हाच असतो. फक्त तो बहुधा सावकाश वाढतो आणि वजन फारसे उतरत नाही. म्हणून क्रमाबरोबर वेगही सांगावा.

मुलुंडच्या एका शिक्षिकेचे दुखणे वेगळे. त्यांना सुरुवातीपासून वरणभातही अडे आणि पाणीही. रात्री आडवे झाले की खाल्लेले तोंडात येई, ठसका लागे. कित्येक महिने ते अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर निभावले. हा अकॅलेशिया. यात वाट बुजलेली नसते, झडप सैल पडत नाही. दुर्बिणीने आधी गाठ नाही याची खात्री करतात, मग नळीतला दाब मोजणारी मॅनोमेट्री. झडपेचा स्नायू छेदण्याची शस्त्रक्रिया जर्मनीत एर्न्स्ट हेलर यांनी १९१३ साली केली. जपानच्या हारुहिरो इनोए यांनी २००८ साली तेच काम तोंडातून दुर्बीण घालून केले. आज बाई शाळेच्या डब्यात पोळीभाजी नेतात.

आणखी काही खुणा आहेत. मटणाचा किंवा पावाचा मोठा तुकडा एखाद्या दिवशी अडतो आणि पुढे कित्येक महिने काहीच होत नाही, तेव्हा नळीत एखादे कडे असू शकते. गिळायला सुरुवात करतानाच ठसका लागला, पाणी नाकातून आले, तर दोष घशाच्या स्नायूंत किंवा नसांत असू शकतो. पक्षाघातानंतर असे होते. गिळताना दुखणे ही निराळी तक्रार. रमजानमध्ये सहरीच्या शेवटच्या मिनिटाला जेमतेम घोटभर पाण्याबरोबर गोळी घेऊन लगेच आडवे होणारे पुष्कळ आहेत. अशी गोळी नळीला चिकटून जखम करू शकते. भरपूर पाणी प्यावे, थोडा वेळ बसावे.

घास अडून थुंकीही गिळता येईना, तर त्याच वेळी राजावाडी, कूपर, जे जवळ असेल ते रुग्णालय गाठावे. एरवी निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे: भाकरी अडते की पाणीही, कधीपासून, रोज की मधूनमधून, वजन किती उतरले. घरात कोणाचे ताट दिवसेंदिवस मऊ होत चालले असेल, तर पेज जरूर करा. पण त्याच आठवड्यात केसपेपरही काढा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)