पैसा पश्चिमेला जातो

आजचा भाग मी लिहून आणलाय, कारण यात आकडे आहेत आणि बोलताना मी आकडे हमखास चुकवतो.

दोन वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड कॅमरी घ्यायला निघालो होतो. विकणारे आजोबा तीन तासांवरच्या गावात राहणारे. चेक नको, ॲप नको, रोख आणा म्हणाले. मी बँकेतून साडेआठ हजार डॉलर काढले, लिफाफ्यात घातले. गाडी मित्राची, चालवत मी होतो आणि तो शेजारी झोपलेला. इंटरस्टेटवर मागे लाल-निळे दिवे लागले. लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही म्हणे. लायसन्स बघून झालं, आणि मग अगदी गप्पा मारल्यासारखं त्याने विचारलं, गाडीत हत्यार, ड्रग्ज किंवा मोठी रोकड वगैरे आहे का?

मी रक्कम सांगितली. एक नजर टाकली तर चालेल ना? मी म्हणालो, येस सर. मंडळी, आपल्याला घरातूनच शिकवलेलं असतं, वर्दी दिसली की ‘हो साहेब’. वीस मिनिटं आम्ही कडेला उभे होतो. शेवटी वॉर्निंग देऊन सोडलं. मित्राचं एच-वन-बीचं एक्स्टेन्शन तेव्हा अडकलेलं होतं. तो पुढचे पन्नास मैल माझ्याशी बोललाच नाही. मग एवढंच म्हणाला, तू हो का म्हणालास?

त्या रात्री मी वाचायला बसलो. मला वाटायचं पैसे जप्त करायचे तर आधी माणसावर गुन्हा सिद्ध व्हायला लागतो. पण अमेरिकेत सिव्हिल फॉरफिचर नावाचा प्रकार आहे, त्यात खटला माणसावर नसतोच, वस्तूवर असतो. खटल्यांची नावं वाचा, विनोद वाटेल. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध १,२४,७०० डॉलर’ हा खरा खटला आहे. २००३ मध्ये नेब्रास्कात आय-८० वर एका गाडीत ही रक्कम सापडली. ड्रग्ज सापडले नाहीत. चालकाचं म्हणणं, रेफ्रिजरेटेड ट्रक घ्यायला ओळखीच्यांनी मिळून जमवलेले पैसे आहेत. त्याने आधी रोकड नाही असं खोटं सांगितलं होतं, हेही खरं. कुत्र्याने वास ओळखला, गाडी दुसऱ्याच्या नावावर भाड्याने घेतलेली होती. खालच्या कोर्टात तो जिंकला, पण २००६ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला आणि पैसे सरकारजमा झाले.

पोलिसांची बाजू अगदीच पोकळ नाही. ड्रग्जच्या धंद्याचा पैसा खरंच रोख असतो आणि खरंच हायवेने जातो. टोळीचं कंबरडं मोडायचं तर पैसा धरा, हा विचार समजण्यासारखा आहे. माझी शंका वेगळीच आहे. जप्त केलेला पैसा जातो कुठे?

१९८४ मध्ये फेडरल कायदा बदलला. तोवर हा पैसा सर्वसाधारण तिजोरीत जायचा, आता तो न्याय खात्याच्या वेगळ्या फंडात जाऊ लागला. शिवाय स्थानिक पोलिसांनी फेडरल खात्याबरोबर कारवाई केली तर ८० टक्क्यांपर्यंत वाटा त्यांना परत मिळतो. याला म्हणतात इक्विटेबल शेअरिंग. म्हणजे राज्याचा कायदा कडक असला तरी स्थानिक पोलिसांनी केस फेडरल खात्याकडे सोपवायची आणि वाटा घ्यायचा. आपल्याकडे निवडणुकीच्या नाकाबंदीत ५० हजारांच्या वर रोकड दिसली की कागद मागतात आणि व्यापारी वैतागतात, पण तो पैसा त्या पोलीस ठाण्याच्या खर्चाला जात नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. टेनेसीत नॅशव्हिलच्या पश्चिमेला आय-४० आहे. ड्रग्ज पूर्वेकडे जातात आणि विकून आलेला पैसा पश्चिमेकडे, मेक्सिकोच्या दिशेने परत जातो. ड्रग्ज थांबवायचेत तर पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या अडवाल ना? २०११ मध्ये नॅशव्हिलच्या एका टीव्ही चॅनेलने पोलिसांच्याच नोंदी तपासल्या. पश्चिमेकडे जाणाऱ्या बाजूला दहापट जास्त गाड्या अडवल्या जात होत्या. म्हणजे ड्रग्ज शहरात पोचू द्यायचे, विकू द्यायचे आणि परतीचा पैसा पकडायचा. ऑफिसात आम्ही म्हणतो, टीमला ज्या आकड्यावर बोनस द्याल तोच आकडा वाढतो. इथे तेच झालं, फक्त रस्त्यावर माणसं होती.

टेक्सासमधलं टेनाहा हे हजारेक वस्तीचं गाव, हायवे ५९ वरचं. तिथे गाडी अडवून लोकांना सांगायचे, पैसे सोडल्याची सही करा नाहीतर मनी लाँडरिंगची केस लावतो. मुलं बरोबर असतील तर ती काढून घेण्याची धमकी. २००८ मध्ये लोक एकत्र कोर्टात गेले आणि २०१२ मध्ये तडजोड झाली.

नेवाडातली केस तर अगदी अलीकडची. फेब्रुवारी २०२१, रेनोजवळ आय-८०. एक माजी मरीन आपल्या मुलींना भेटायला चाललेला. जवळ सुमारे ८७ हजार डॉलर आणि बँकेच्या पावत्यासुद्धा. अधिकाऱ्यांशी तो अदबीने बोलला, झडतीला हो म्हणाला. पैसे गेले. गुन्हा कुठलाच नाही. पेट्रोलला भावाकडून पैसे मागवायला लागले. त्याने दावा लावला, बातमी झाली आणि मगच पैसे परत मिळाले.

पण ही मोठी रक्कम होती म्हणून लढता आलं. इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेने २०२० मध्ये २१ राज्यांची आकडेवारी पाहिली, तर रोख जप्तीच्या निम्म्या केसेस १,३०० डॉलरच्या आतल्या होत्या. साध्या केसला वकील त्यांच्या अंदाजाने किमान ३,००० डॉलर घेतो. खटला सिव्हिल, म्हणून सरकारी वकीलही मिळत नाही. तेराशेसाठी तीन हजार कोण घालवेल? आणि व्हिसावरचा माणूस तर आणखीनच गप्प बसतो. माझा मित्र बसला असता. मीही.

कोर्टाकडून थोडंफार मिळालंय. २०१५ च्या रॉड्रिग्ज निकालाप्रमाणे ट्रॅफिकचं काम संपल्यावर, ठोस संशय नसताना, निव्वळ कुत्रा आणण्यासाठी तुम्हाला थांबवून ठेवता येत नाही. उलट २०२४ मध्ये जप्त झालेल्या गाड्यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की लगेच वेगळी प्राथमिक सुनावणी देणं घटनेने बंधनकारक नाही. न्यू मेक्सिकोने २०१५ मध्ये आणि मेनने २०२१ मध्ये हा प्रकार आपापल्या राज्यात बंद केला.

मी वकील नाही, पण मी आता काय करतो ते सांगतो. लायसन्स, कागद लगेच देतो. खोटं बोलत नाही, पण रोकड किती हा प्रश्न आला तर नम्रपणे म्हणतो की याचं उत्तर द्यायचं नाही. झडतीला ‘आय डोन्ट कन्सेंट’, आवाज न चढवता, हात स्टिअरिंगवर. मग ‘ॲम आय फ्री टू गो?’ काही घेतलंच तर पावती मागायची आणि कुठल्याही कागदावर सही करायची नाही. फेडरल नोटीस आली की तारीख आधी बघायची. दावा करायला साधारण ३५ दिवस असतात आणि ते नोटीस पोस्टात टाकल्यापासून मोजतात, तुम्ही पाकीट उघडल्यापासून नाही. पत्ता बदलला असेल तर पाकीट जुन्याच घरी जातं, आणि आपण भाड्याची घरं किती वेळा बदलतो ते तुम्हाला माहीतच आहे.

कॅमरी मिळाली, बाय द वे. आजोबांनी नोटा दोनदा मोजल्या. परत येताना मित्राने मला गाडी चालवू दिली नाही.