कोतवाल बुकातली जात आणि मतांची बेरीज

गेल्या भागात आपण अमेरिकेतले समूह, समानतेचे कायदे आणि मतांचं राजकारण यावर बोललो. त्यावर एका श्रोत्यानं विचारलं, आपल्याकडं हे कसं दिसतं? आपल्याकडं म्हणजे मी मुळशीबद्दलच बोलणार, बरं का.

अमेरिकेत १९६५ चा मतदान हक्क कायदा आला, कारण दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या लोकांना मतदारयादीत नावच घालू देत नव्हते. साक्षरतेची परीक्षा घ्यायचे. आपल्याकडं पहिल्या निवडणुकीपासून मत सगळ्यांना आहे. अडतं ते पुढं, दाखल्यापाशी. तिकडं जनगणनेच्या फॉर्मवर आपला वंश माणूस स्वतः लिहितो. इथं जात सांगून भागत नाही, सिद्ध करावी लागते. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा, आदिवासी असाल तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा.

आता मराठा आरक्षणाच्या तारखा शेजारी ठेवून बघा. २०१४ च्या जून-जुलैत १६ टक्क्यांचा निर्णय, ऑक्टोबरात विधानसभा. कोर्टानं स्थगिती दिली. २०१८ च्या नोव्हेंबरात कायदा, पुढच्या वर्षी दोन्ही निवडणुका. २०२१ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला. २०२४ च्या फेब्रुवारीत १० टक्क्यांचा नवा कायदा, एप्रिलमध्ये लोकसभेचं मतदान सुरू. मागणी खोटी आहे असं मी म्हणत नाही. तुकडे पडलेल्या जमिनीवर घर चालत नाही, हे आपल्या तालुक्याला कुणी शिकवायला नको. पण कायदा कधी हलतो ते या तारखांवरून कळतं.

आणि सरकारी यंत्रणा हलली की काय होतं तेही दिसलं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, सुरुवातीला मराठवाड्यासाठी, मग राज्यभर. कुणबी नोंदी शोधायला जुने दप्तर बाहेर निघाले. कोतवाल बुकं, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची रजिस्टरं, आणि ते वाचायला मोडी जाणणारी माणसं.

आता आपल्याच तालुक्यातल्या कातकरी वाड्यांकडं या. महाराष्ट्रात तीनच जमाती 'विशेष असुरक्षित' गणल्या जातात: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कायदा यांच्या बाजूनं अगदी ठाम आहे. ग्रामपंचायतीत लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागाही आहेत. पण राखीव जागेवर फॉर्म भरायचा तर जातीचा दाखला पाहिजे, वर पडताळणी. सातबारा नाही, आजोबा शाळेत गेले नाहीत, तर १९५० चा कागद आणायचा कुठून? मग जागा कागदावर राखीव राहते आणि उभं राहायला माणूस मिळत नाही. मत मात्र त्यांचं चालतं. मतदानाच्या दिवशी वाडीवर जीप येते, दाखल्यासाठी येत नाही. वाडीत मतं थोडी, त्यावर तालुका फिरत नाही. एवढं साधं गणित आहे ते.

मला सुचतं ते असं. ज्या वहीत 'कुणबी' शोधतात त्याच वहीत 'काथोडी' अशीही नोंद असू शकते. काथोडी, ढोर काथोडी, सोन काथोडी ही नावं अनुसूचित जमातींच्या यादीतच आहेत. मोडी वाचणारा बसलाच आहे, तर दिसली ती नोंदही टिपून घ्यावी. वेगळा कायदा नको, वेगळं आंदोलन नको. पुढं पडताळणीत कोण टिकतं ते नियमानं बघावं. बोगस दाखल्यांची भीती खरीच आहे, राखीव जागा दुसऱ्यांनी बळकावल्याच्या तक्रारी काही कमी नाहीत.

अर्थात, पुष्कळ कुटुंबं वहीत सापडणारच नाहीत. काथ गेला, मग कोळसाभट्टी, आता वीटभट्टी. एका गावात माणूस टिकला तर नोंद व्हायची ना! त्यांच्यासाठी वाडीवर जाऊन चौकशी करावी लागेल. आणि ती दिवाळीच्या आधी, कारण नंतर निम्मी वाडी भट्टीवर गेलेली असते.